करंजाकडची पायवाट

शहर अजून टेकडीच्या पायथ्याशीच थांबलेलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. टेकडीवर करंजाचं एक रोप होतं. कुमुदताई रोज सकाळी मोठी वाट सोडून त्याच्याकडे वळायच्या आणि बाटलीभर पाणी घालायच्या. फक्त त्यांच्याच पावलांनी तिथे एक बारीक पायवाट पडली.

करंज मोठा झाला. मग एका पावसाळ्यात कुमुदताई आल्याच नाहीत. कुसळी गवत दोन्ही बाजूंनी पायवाटेवर सरकू लागलं.

"झाडाला आता पाणी लागत नाही," गवत म्हणालं. "बाई कशाला येतील?"

"येतील. तू पाऊलभर जागा ठेव," पायवाट म्हणाली.

गवताला वाढण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. तरी ते थांबलं.

दिवाळीनंतर कुमुदताई आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात बाटलीऐवजी काठी. मोठ्या वाटेवरून त्यांना गवतात पाऊलभर माती दिसली. काठी टेकत त्या करंजाखाली जाऊन बसल्या.

"आज पाणी नाही आणलं रे," त्या झाडाला म्हणाल्या.

करंजाने त्यांच्यावर सावली धरली होती.

एरवी दिवाळीनंतर त्या गवतातून जाणाऱ्याचे कपडे कुसळांनी भरतात. घरी पोहोचल्यावर कुमुदताईंनी साडी झटकली. एकही कुसळ पडलं नाही.