डाव्या हाताचा पैसा

रागावू नका, पाव्हणं. हाटेलवाल्याने सुटे पैसे डाव्या हाताने पुढे केले आणि तुमच्या कपाळाला आठी पडली, ती मी इथून पाहिली. दाभवड्यात पैसा डाव्या हातानेच देतात आणि डाव्या हातानेच घेतात. देवापुढची दक्षिणासुद्धा आम्ही गुरव मंडळी डाव्या हाताने उचलतो. परक्याला हा अपमान वाटतो. वाटू दे. आधी भैरोबापुढची ही तांब्याची कढई बघा. बुडाशी तळहाताएवढा राखी डाग दिसतो ना? घासून घासून पिढ्या गेल्या, डाग काही जात नाही. बसा, सांगतो.

समोरच्या डोंगरावर तेव्हा एक राजा नांदत होता, असे सांगतात. त्याचं नाव इथे कुणी घेत नाही, मीही घेणार नाही. त्याने दवंडी पिटवली, की रयतेने घरातलं सोनं-चांदी टांकसाळीत आणून घालावं आणि बदल्यात राजाच्या छापाचं नाणं न्यावं. दुसरं नाणं चालणार नाही. ज्याच्याकडे खोटं नाणं सापडेल, त्याचा उजवा हात मनगटापासून तोडला जाईल. मग काय! राजा बोले, दळ हाले. बायांनी पायांतली जोडवी काढून दिली, पोरांच्या मनगटातले वाळे गेले. सगुणा तांबटीण आईचे तोडे घेऊन गेली आणि पदराच्या गाठीत राजाची नाणी बांधून परत आली. त्या वाटेवर ती रडली म्हणे. दागिन्यासाठी नव्हे, आईसाठी.

तिचा नवरा गोंदाजी, दाभवड्याचा तांबट. हाताला मोठं यश, पण तोंडाला कुलूप नाही. गडाच्या मुदपाकखान्यासाठी त्याने एक कढई घडवली, तीच ही. मजुरी मिळाली राजाच्या नव्या नाण्यांत. आता तांबटाची खोड कुठे जाते? धातू हातात आला की ठोकून बघायचाच. भर बाजारात त्याने एक नाणं ऐरणीवर टाकलं. ते बद्द वाजलं.

"अरे तिच्या!" गोंदाजी म्हणाला. "याच्यात चांदी औषधालाही नाही! नुसतं कथील!" आणि मोठ्याने हसला.

हसला आणि फसला. शिपायांनी जागच्या जागी मुसक्या बांधल्या. खरी गोष्ट अशी, की रयतेची चांदी केव्हाच घाटाखाली गेली होती, घोडे विकत घ्यायला. इथे कथलावर चांदीचं पाणी चढवून छाप मारत होते. पण राजा म्हणाला, "माझ्या टांकसाळीतून खोटं नाणं निघत नाही. कथील कुणाच्या घरात असतं? तांबटाच्या!" झडती घेतली, तर कल्हईचं कथील निघालंच. ते निघणारच हो! अमावास्येला गोंदाजीचा उजवा हात तोडायचा, असा हुकूम झाला.

तांबटाचा उजवा हात म्हणजे घरची चूल. पण सगुणेला चुलीचं सुचत नव्हतं. तो हात दंडापासून बोटांपर्यंत तिच्या डोळ्यांपुढून हलेना. ती धावत गेली केसो पोतदाराकडे. टांकसाळीत नाणं पारखणारा तो, खरं-खोटं त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने तिला दारात पाहिलं आणि त्याचेच डोळे भरून आले.

"सगुणाबाई, मलाही हातच आहेत गं," एवढं बोलून त्याने दार लावून घेतलं.

मग ती गड चढली आणि राजाच्या पायांवर पडली. पाय मागे सरले. ती भैरोबाकडे आली, पायरीवर डोकं आपटलं, देव काही बोलला नाही. सगळी दारं बंद झाली, तेव्हा तिने तोंडातून शब्द काढला तो परत घेण्याजोगा नव्हता. "नवऱ्याच्या वतीने मी दिव्य करते. रव्याचं दिव्य."

उकळत्या तेलातून हाताने धातूचा तुकडा, म्हणजे रवा, काढायचा. हात शाबूत राहिला तर माणूस खरा, भाजला तर खोटा. देवाच्या दारात मागितलेलं दिव्य राजालाही नाकारता येत नसे. सगुणेने एकच अट घातली. "रवा म्हणून राजाच्या टांकसाळीतलं नाणं असावं, आणि ते राजाने आपल्या हाताने टाकावं."

कथील मंद आचेवरही पाणी होतं, हे तिने कल्हई करताना रोज पाहिलेलं. पण राजा काय दूधखुळा होता? त्याने केसो पोतदाराला बजावलं, "अस्सल चांदीचं एक नाणं तबकात घालून आण." सगुणेलाही ही भीती होतीच. नाणं अस्सल निघालं तर तिचा हात फुकट जाणार आणि गोंदाजीचाही तुटणार. पण हात बांधून बसण्यापेक्षा ते बरं, असं तिला वाटलं.

अमावास्येला या इथे, देवळापुढे, गाव जमला. गोंदाजीनेच घडवलेल्या कढईत तेल खदखदत होतं. पोतदार तबक घेऊन आला. राजाने नाणं उचललं, गावाला छाप दाखवला आणि तेलात सोडलं. सगुणेने भैरोबाकडे पाहिलं आणि उजवा हात आत घातला.

किंकाळी शेजारच्या गावात ऐकू गेली म्हणे. तरी तिने हात काढला नाही. बुडाशी चाचपत राहिली. नाणं लागेना. बांधलेला गोंदाजी ऊर फुटेस्तोवर ओरडत होता, "सगुणे, काढ हात! जाऊ दे माझा! काढ!" तिने पुन्हा एकदा सगळं बूड चाचपलं. मग हात बाहेर आला. त्याच्याकडे बघवत नव्हतं, आणि तो रिकामा होता.

"हात भाजला," राजा म्हणाला. "बाई खोटी."

सगुणा मातीत पडलेली, ओठ हलत होते. कुणीतरी कान लावला, तेव्हा ऐकू आलं, "नाणं दाखवा."

राजाने पोतदाराकडे पाहिलं. केसोने तबक खाली ठेवलं आणि स्वतःच कढई कलंडवली. तेल मातीत गेलं. बुडाला नाणं नव्हतं. तांब्याला कल्हई धरावी तसा कथलाचा डाग चिकटला होता, आणि राजाच्या छापाचा मागमूसही नव्हता. केसोने आपला उजवा हात राजापुढे धरला. "अस्सल मागितलंत, मी रोजचं आणलं. घ्या, तोडा."

तोडायला कुणी पुढे आलं नाही. शिपायांच्या बायकांचीही जोडवी टांकसाळीत गेली होती. शिपायांनीच गोंदाजीचे दोर सोडले.

सगुणेने डाव्या हाताने, दातांची मदत घेऊन, पदराची गाठ सोडली. आईच्या तोड्यांची नाणी राजाच्या पायांशी फेकली. तिला दुसरा हातच उरला नव्हता. पण गावाने ते पाहिलं, आणि एकेक जण पुढे येऊन डाव्या हाताने नाणी फेकू लागला. जे ओंगळ ते डाव्या हाताचं. त्या दिवसापासून त्या छापाचं नाणं कुणी शिवलं नाही. टांकसाळीची भट्टी विझली, राजा रातोरात कुठे गेला, कुणी विचारलंही नाही.

सगुणेचा हात मात्र गेला तो गेलाच. ती जगली तोवर गोंदाजी तिला आपल्या हाताने भरवत असे. लोक म्हणायचे, "नशीबवान रे, तुझा हात वाचला." तेव्हा एरवी बडबड्या गोंदाजी मान खाली घालून म्हणे, "हा हात तिचा आहे. माझ्या खांद्याला लावलाय, एवढंच."

आजही दाभवड्यात पैशाला उजवा हात लागत नाही. आजही इथल्या लग्नात नवरीचा उजवा हात पांढऱ्या फडक्यात बांधतात आणि पहिल्या पंगतीला नवरा तिला पोटभर भरवतो. ती पुरे म्हणेपर्यंत त्याने स्वतः एक घास खायचा नाही. काही पोरी मुद्दाम खूप वेळ पुरे म्हणत नाहीत. आम्ही कुणी त्यांना घाई करत नाही.