राजखोगीर आणि चांदव्याचे मागचे पाय

एका राज्यात राजाचा घोडा मागचे पाय ओढू लागला, आणि त्या दोन पायांवरून अख्खा दरबार महिनाभर भांडत बसला. हसू नका. तिथं ती हसण्याची गोष्ट नव्हती. राजा बसलेला घोडा पाय ओढू लागला की राज्य मागे खेचलं जातं, असा तिथला समज. म्हणून अशा घोड्याचं मस्तक सीमोल्लंघनाच्या दिवशी उतरवत. तीन घोडे असे गेले होते. चौथा होता चांदवा. अंग जांभळासारखं काळं, कपाळावर पांढरा ठिपका.

चांदव्याला पहिला नाल ठोकला तो येसू नालबंदिणीने. आईविना पोरकं शिंगरू तिनं बोटाला दूध लावून वाढवलं होतं. सीमोल्लंघनाला तीन दिवस उरले, तेव्हा ती पागेत येऊन बसली. चारही खूर तिनं तासून पाहिले, सांधे दाबून पाहिले. सगळं ठणठणीत. मोकळा सोडला तर चांदवा नाचत चाले. राजा बसला की मात्र मागच्या खुरांच्या दोन रेघा धुळीत उमटत.

पागेच्या आढ्यावर एक साळुंकी राहत होती. ती बोलत असे. त्या राज्यात साळुंक्या बोलतच.

"खुरं काय बघत बसलीस, येसू? पाठ बघ. मी रोज तिथली गोचीड टिपते. कंबरेवर चांगली तळहाताएवढी जखम आहे."

"खोगिराची?"

"मी नाव घेतलं नाही हं. मला माझी पिसं प्यारी आहेत."

साळुंकी घाबरली ते उगीच नव्हे. राजखोगीर म्हणजे त्या राज्याचं दैवतच. राजा गाव जिंकी, वेशीतली मूठभर माती आणी, आणि आपल्या हाताने खोगिराच्या मागच्या बाजूला शिवून टाकी. बापाने शिवली, मुलाने शिवली, नातवाने शिवली. मूठभर मातीचं असं कितीसं वजन, असं प्रत्येकाला वाटलं. नऊ राजे झाले, एकशे आठ गावं झाली, पण टाका कोणी उसवला नाही. उसवणार कोण? धागा राजमांत्रिकांनी मंतरलेला होता. जो टाका उसवेल त्याचा हात दगडाचा होईल, असा शाप होता.

येसू तडक दरबारात गेली. सिंहासनावर राजा रणधवल, शेजारी राजमांत्रिक कंकाळभट.

"महाराज, घोड्यात खोट नाही. खोट खोगिरात आहे."

राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंकाळभट म्हणाला, "घोडा आळशी आहे, महाराज. शिवाय झपाटलेला आहे."

"आळशी की झपाटलेला?" येसू म्हणाली. "एक काय ते ठरवा, भटजी."

राजा गरजला, "तीन वेळा घोडा चालवून दाखव. एकदा जरी खूर घासला, तर त्याचं मस्तक जाईल आणि तुझंही."

"आणि नाही घासला तर?"

राजाला उलट प्रश्न विचारायची त्या दरबारात रीत नव्हती. तो क्षणभर गोंधळला. "तर तू सांगशील ते मी ऐकेन," असं बोलून गेला.

पहिलं काम होतं बिलोरी तळ्याचं. त्या तळ्याचं पाणी काचेचं होतं, आणि त्या काचेवर नखाने ओढलेली रेघसुद्धा शंभर वर्षं जात नसे. येसूने खोगीर घातलंच नाही. दुखरी जागा टाळून ती पार पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "चल रे लेकरा." चांदवा या काठावरून त्या काठावर गेला. कंकाळभट पालथा पडून काच न्याहाळू लागला. त्याला त्याचंच तोंड दिसलं, दुसरं काही दिसलं नाही.

दुसरं काम होतं नागांच्या माळाचं. तिथं हजार नाग शेपट्या पसरून निजत. राजाने हुकूम केला, "खोगीर घालून ने." येसूने खोगीर चढवलं, वर कोणी बसलं नाही, आणि लगाम धरून ती पुढे झाली. चांदव्याने एकेक शेपटी हलकेच ओलांडली. मध्येच एका नागाने डोळा उघडला.

"कोण जातंय?"

"घोडा."

"पायांचा आवाज नाही आला," नाग म्हणाला आणि पुन्हा झोपी गेला.

तिसरं काम सीमोल्लंघनाच्या दिवशी, भर दुपारी, सगळ्या प्रजेदेखत ठरलं. वेशीपर्यंतच्या वाटेवर पांढरी राख अंथरली होती. एका बाजूला जल्लाद कुऱ्हाड घेऊन उभा. राजखोगिरावर स्वतः राजा बसला. तो बसला मात्र, चांदव्याचे मागचे पाय थरथरू लागले.

येसूने खोगिराला कान लावला. आतून कुजबूज येत होती, 'घरी सोडा, घरी सोडा.' राजा बसला की एकशे आठ वेशींची माती आपापल्या गावाकडे ओढ घेत होती. नऊ राजांत एकालाही तिथं कान लावावासा वाटला नव्हता.

"चालव," राजा म्हणाला.

येसूने लगाम सोडून दिला. "नाही चालवणार."

मग ती राजाकडे वळली.

"बिनखोगिराचा चालला, खोगिरासकट चालला, आपण बसलात की कापतो. आणखी काय त्यानं मरून दाखवायचं? एकशे आठ गावं या मुक्या जिवाच्या कंबरेवर लादलीत, आणि वर त्यालाच आळशी म्हणता? लाज वाटत नाही?"

"धरा हिला!"

शिपाई धावले. चांदव्याने मागची खुरं त्यांच्याकडे वळवली आणि शिपाई जागच्या जागी थांबले. तेवढ्यात येसूने खूर तासायची सुरी काढली आणि पहिला टाका कापला. करंगळी दगडाची झाली. दुसरा कापला, दुसरं बोट गेलं. पाचवा टाका कापला आणि सुरी खाली पडली, कारण धरायला बोटंच राहिली नव्हती. मूठ वळली होती तशीच दगड झाली.

कंकाळभट खदाखदा हसला. "आता काय करशील, बाई?"

"नालबंदाला हातोडा लागतो, भटजी," येसू म्हणाली. "तुम्ही फुकट दिलात."

तिनं ती दगडाची मूठ उगारली आणि खोगिराच्या कडेवर घाव घातला. एक घातला, दोन घातले. तिसऱ्या घावाला मंतरलेला धागा तटातटा तुटला. खोगीर फाटलं, आणि राजा रणधवल राखेत येऊन बसला. माती उसळली, काळी, तांबडी, चुनखडीची पांढरी, आणि थव्याथव्याने आपापल्या वेशीकडे उडून गेली. शेवटची मूठ शेवटच्या वेशीत पडली, तशी येसूची बोटं मऊ झाली. कंकाळभट गर्दीत असा शिरला की पुन्हा कोणाला दिसला नाही.

जल्लादाने राजाकडे पाहिलं. राजा उठला, चांदव्याजवळ गेला आणि त्याने उघड्या कंबरेवर हात ठेवला. चांदवा कळवळला. राजाने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"याला दुखत होतं?"

"दुखत होतं, महाराज. दुसरं कसं सांगणार तो?"

राजाने जल्लादाला घरी जायला सांगितलं.

"किती दिवस बसायचं नाही?"

"जखम भरेपर्यंत."

"आणि आजचं सीमोल्लंघन?"

"पायी करा. देवाने आपल्यालाही पाय दिलेत."

खूर एकदाही घासला नव्हता, आणि राजाने शब्द दिला होता. तो चालू लागला. बाजूने चांदवा मोकळा चालला, चारही पाय उचलून, आणि राखेत त्याचे ठसे एकेक स्वच्छ उमटले. राजाला चालायची सवय कुठली? वेस येईतो तो पुरता दमला, पण थांबला नाही. वेशीबाहेर त्याने पहिल्यांदा घोड्याला पाणी पाजलं, मग आपण प्यायला.

तर मंडळी, गोष्ट झाली. आवडली असेल तर वाहवा नको. उठा, आणि आपापल्या जनावराच्या पाठीवरून एकदा हात फिरवून या.