पंखा रुसला त्या दुपारी

फार वर्षं झाली, मिरजेतल्या एका घरात एक म्हातारा कॉम्प्युटर होता. त्यावर इरावतीबाई रोज दुपारी मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत. पण हल्ली त्यांची मोटार प्रत्येक वळणावर अडखळायची.

"आता हा भंगारातच द्यायला हवा," बाई एकदा वैतागून म्हणाल्या. कॉम्प्युटरच्या आत सगळ्या भागांचं धाबं दणाणलं.

"माझी चित्रं तयार असतात, हा प्रोसेसरच वेळेवर काम देत नाही," ग्राफिक्स कार्ड म्हणालं.

"मेमरी तोकडी पडते, त्याला मी काय करू?" प्रोसेसर गुरगुरला.

"या पंख्याच्या घरघरीत मला काही सुचतच नाही!" मेमरी किंचाळली. यावर मात्र तिघांचं लगेच एकमत झालं.

"बरं, मग बसतो गप्प," म्हणत पंखा थांबला.

काय छान शांतता पसरली! पण दोनच मिनिटांत प्रोसेसर तापून लाल झाला, कार्डाचा जीव कासावीस झाला आणि ऐन शर्यतीत स्क्रीन काळी पडली.

बाईंनी स्क्रूड्रायव्हर आणून डबा उघडला. "अगं बाई, केवढी ही धूळ!" त्यांनी रंगाच्या ब्रशने पंख्याचं एकेक पातं झाडलं. पंख्याला इतक्या गुदगुल्या झाल्या की त्याचा राग कुठल्या कुठे पळाला. बाईंनी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करताच तो भिरभिरू लागला आणि त्यांची मोटार वळणामागून वळणं सुसाट घेत निघाली.

"बघा माझा वेग!" कार्ड ओरडलं.

"हळू बोल रे," प्रोसेसर घाईघाईने कुजबुजला. "पंखेदादांनी ऐकलं तर?"