हरणाकडे वळणारी सुई

फार फार पूर्वी, रानाला अजून कुंपण माहीत नव्हते तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी शिकाऱ्यांचे एक गाव होते. त्या गावाचा एक कडक नेम होता. ज्याचा बाण हरणाला लागला, त्याने ते हरीण सापडेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. म्हणून तिथे कोणी लांबून बाण सोडत नसे. हरणाची पापणी दिसेल इतके जवळ जायचे, मगच धनुष्याची दोरी ओढायची.

तरीही कधी एखादे जखमी हरीण निसटे आणि झुडपात तडफडत मरे. गावच्या म्हाताऱ्या वैद्याला ते सोसवेना. बरीच वर्षे खटपट करून त्याने एका अजब दगडातून बाणाचे टोक घडवले आणि त्याच दगडाची सुई. मधोमध दोरा बांधून टांगली की सुई त्या टोकाकडे वळे, मग ते कुठेही असो.

गावातल्या सर्वांत तरबेज शिकाऱ्याला त्याने दोन्ही दिले.

"जखमी जीव लवकर सापडावा, एवढ्यासाठीच हं," वैद्य म्हणाला. "देऊ की नको, हे मला अजून कळत नाही."

"वैद्यबुवा, तुम्ही काढा देतानाही असंच म्हणता!" शिकारी हसला.

वैशाखातल्या एका पहाटे त्याला ओढ्यापलीकडे हरीण दिसले. पूर्वी इतक्या लांबून त्याने बाण सोडला नसता. आज सोडला. बाण पोटात शिरला आणि हरीण पळाले.

शिकारी घरी आला. तांब्याभर पाणी प्यायला, भाकरी खाल्ली.

"अहो, हरीण सापडलं?" बायकोने विचारले.

"जातंय कुठं? सुई आहे ना!" असे म्हणून तो आडवा झाला.

दुपारी तो निघाला, डोळे सुईवर लावून. रक्ताचे थेंब पाहायला तो वाकला नाही. म्हणून त्या थेंबांवर उमटलेले रुंद पंजेही त्याला दिसले नाहीत.

घळीत शिरताच सुई हळूच डावीकडे वळली. मग पाठीमागे. मग उजवीकडे.

शिकारी जागीच थांबला. पोटात बाण असलेले हरीण माणसाभोवती फेर धरत नाही.

गवत हलले. तो धावत झाडावर चढला आणि त्याने खाली पाहिले. वाघ! जखमी हरीण वाघाने केव्हाच खाल्ले होते आणि बाणाचे टोक त्याच्या घशात रुतले होते. वाघ ओढ्यावर जाई, पाण्याला तोंड लावी, खोकत रक्त ओकी आणि पुन्हा झाडाखाली येई. सुईचे टोक सरळ खाली झुकले होते.

ओढा समोर चमकत होता. शिकाऱ्याची जीभ टाळूला चिकटली. खाली बुंध्यावर नखे खरखरत होती. ऊन उतरेपर्यंत दोन तहानलेले जीव एकमेकांकडे बघत राहिले.

नवरा परतला नाही म्हणून इकडे बायकोने वैद्याला गाठले. वैद्याने वाकून शिकाऱ्याचा माग काढला, पंजे ओळखले आणि गाव गोळा केले. ढोलांच्या आवाजाने वाघ उठला, ओढ्यापर्यंत गेला आणि पाण्यात तोंड ठेवून तिथेच कोसळला.

शिकारी खाली उतरला. कोणीतरी पाणी पुढे केले. ते त्याने ओठांपाशी नेले आणि तसेच खाली ठेवले.

"माझं हरीण अजून सापडलेलं नाही."

"चल," वैद्य म्हणाला. "पाणी मीही घेतलेलं नाही."

"तुम्ही का, बुवा?"

"बाण तुझा. सुई माझी."

दोघे रक्ताच्या थेंबांवरून वाकून चालले. एका करवंदीच्या जाळीत हरणाची शिंगे सापडली. भोवतालची माती खुरांनी हातभर उकरली होती. ते हरीण किती वेळ तडफडले असेल, हे त्या मातीवरून दोघांना कळले. मगच त्यांनी पाणी घेतले, तेही एक एक घोट.

त्या दिवसापासून सुई वैद्याच्या घरी राहिली. ज्याचे ओठ तहानेने सुकलेले असत, त्यालाच ती मिळे.

तात्पर्य: जखमी जिवाला शोधणे सोपे झाले, म्हणून त्याला जखमी करणे सोपे मानू नये.