किर्रूची टिंग हरवली

एक होता रातकिडा. एवढुसा. करंगळीच्या नखाएवढा. त्याचं नाव किर्रू.

किर्रू राहायचा रेवती आत्याच्या खोलीत, कपाटामागे. खोलीत होती आत्याची गिटार. लालचुटुक. गिटारला सहा तारा. त्यातली सगळ्यांत बारीक तार म्हणजे बारकी. बारकी किर्रूची मैत्रीण.

दिवे लागले की आत्या गिटार घ्यायची. बारकी म्हणायची, "टिंग!" किर्रू म्हणायचा, "किर्र!"

टिंग किर्र, टिंग किर्र.

टिंग नाही तर किर्र नाही. असं त्यांचं ठरलेलंच होतं.

एकदा काय झालं, आत्याने नवी तार आणली. चांगली जाडजूड. चकचकीत. तिचं नाव जाडी. आत्याने जुन्या जाड तारेच्या जागी जाडीला बसवलं. जाडीला पुसलं. जाडीला वाजवलं.

"ढुम्म!"

"वा गं माझी जाडी!" आत्या म्हणाली.

किर्रूने कपाटामागून बघितलं. त्याच्या पोटात दुखायला लागलं. औषधाचं दुखणं नाही हं. दुसऱ्याचे लाड बघून दुखतं ना, तसलं!

मग आत्याने बारकीला वाजवलं.

"टँव!"

टिंग नाही. टँव!

"अगं बाई, बिघडली की ही!" आत्या म्हणाली. तिने गिटार स्टँडवर ठेवली. ती खुर्चीत बसली. लगेच तिच्या मांडीवर मनी मांजर येऊन बसली.

आणि किर्रू? टिंग हरवली. आता किर्र कसं म्हणायचं? किर्रू निघाला टिंग शोधायला.

टुणुक टुणुक. किर्रू गेला बारकीकडे.

"बारके बारके, टिंग म्हण.
टिंग नाही तर किर्र नाही!"

बारकी म्हणाली, "जाडी आली. घोडी वाकली. मी सैल पडले. तिचेच लाड! माझं काय? घोडी सरळ होईल तर टिंग म्हणेन. नाही तर नाही!"

ही घोडी टपटप पळणारी नव्हे हं. गिटारच्या पोटावर एक पट्टी असते. तारा तिलाच धरून असतात. ती घोडी. पुढून तारा ओढतात. मागून स्प्रिंग ओढते. मधे घोडी डुलते. डुगडुग, डुगडुग.

टुणुक टुणुक. किर्रू गेला घोडीकडे.

"घोडीताई घोडीताई, सरळ हो.
बारकी टिंग म्हणेना,
टिंग नाही तर किर्र नाही!"

घोडी म्हणाली, "जाडी मला पुढे ओढते. आणि आत्या म्हणते, वा गं माझी जाडी! मला कुणी वा म्हणत नाही. तिचेच लाड! माझं काय? जाडी थांबेल तर सरळ होईन. नाही तर नाही!"

टुणुक टुणुक. किर्रू गेला जाडीकडे. जरा नाक मुरडूनच गेला.

"जाडीबाई जाडीबाई, ओढायची थांब.
घोडी सरळ होईना,
बारकी टिंग म्हणेना,
टिंग नाही तर किर्र नाही!"

जाडी म्हणाली, "बारकीसाठी तू एवढा हिंडतोस. मला कोण आहे? मी टिंग म्हणत नाही, म्हणून मला कुणी किर्र म्हणत नाही. तिचेच लाड! माझं काय?"

किर्रूने मुरडलेलं नाक सरळ केलं. जाडीच्या पोटात पण दुखतं?

जाडी म्हणाली, "मागून स्प्रिंग ओढेल तर थांबेन. नाही तर नाही!"

टुणुक टुणुक. किर्रू गेला गिटारच्या मागे. तिथे अंधार. अंधारात स्प्रिंग.

"स्प्रिंगमावशी स्प्रिंगमावशी, जोरात ओढ.
जाडी थांबेना,
घोडी सरळ होईना,
बारकी टिंग म्हणेना,
टिंग नाही तर किर्र नाही!"

स्प्रिंग म्हणाली, "पुढे तारा चमकतात. मी इथे अंधारात. मला कुणी बघतसुद्धा नाही. त्यांचेच लाड! माझं काय? स्क्रू मला घट्ट धरेल तर ओढेन. नाही तर नाही!"

टुणुक टुणुक. किर्रू गेला स्क्रूकडे.

"स्क्रूकाका स्क्रूकाका, गोल फिरा.
स्प्रिंग ओढेना,
जाडी थांबेना,
घोडी सरळ होईना,
बारकी टिंग म्हणेना,
टिंग नाही तर किर्र नाही!"

स्क्रूकाका करकरले, "वरच्या खुंट्यांना आत्या रोज पिळते. मला कोण फिरवतं? मला गंज चढला तरी कुणाला पत्ता नाही. त्यांचेच लाड! माझं काय? आत्या फिरवेल तर फिरेन. नाही तर नाही!"

टुणुक टुणुक. किर्रू गेला आत्याकडे.

"आत्या आत्या, ऊठ ना.
स्क्रू फिरेना,
स्प्रिंग ओढेना,
जाडी थांबेना,
घोडी सरळ होईना,
बारकी टिंग म्हणेना,
टिंग नाही तर किर्र नाही!"

आत्या म्हणाली, "कशी उठू रे बाबा? मांडीवर मनी बसलीय. उठवायला गेलं की नखं काढते. मला मेलीला आयता चहासुद्धा कुणी देत नाही. हिचेच लाड! माझं काय? मनी उठेल तर उठेन. नाही तर नाही!"

आता? आता मनीकडे जायचं. मनीचे डोळे मोठे. मनीची नखं मोठी. आणि किर्रू करंगळीच्या नखाएवढा!

पण टिंग हवी होती ना!

टुणुक... टुणुक. किर्रू गेला मनीकडे.

"मनीबाई मनीबाई, खाली उतर.
आत्या उठेना,
स्क्रू फिरेना,
स्प्रिंग ओढेना,
जाडी थांबेना,
घोडी सरळ होईना,
बारकी टिंग म्हणेना,
टिंग नाही तर किर्र नाही!"

"फिस्स!" मनी म्हणाली. "मांडी माझी! पण रोज मांडीवर कोण? गिटार! तिचेच लाड! माझं काय? मी उठणार नाही. मुळीच नाही!"

किर्रूने मनीकडे बघितलं. मनीने किर्रूकडे बघितलं.

किर्रू हळूच म्हणाला, "मनीबाई, तुझ्या पोटात दुखतं?"

"हो," मनी म्हणाली. "खूप."

"माझ्या पण," किर्रू म्हणाला. "थांब. तुझे लाड मी करतो."

टुणुक! किर्रू चढला मनीच्या डोक्यावर. कानामागे बसला. आपल्या खरखरीत पायांनी खाजवायला लागला.

खर्र खर्र. खर्र खर्र.

मनीचे डोळे मिटले. मनीची नखं आत गेली. "घुर्र घुर्र," मनी म्हणाली. "अजून कर!" आणि ती धप्पकन खाली उतरली, जमिनीवर लोळायला!

मनी उतरली,
आत्या उठली,
आत्याने स्क्रू फिरवला, कर्र कर्र कर्र,
स्प्रिंगने ओढलं,
जाडी थांबली,
घोडी सरळ झाली!

आता आत्याने बारकीची खुंटी पिळली.

"टिंग!"

पण जाडी सैल झाली. "ढब्ब!"

आत्याने जाडीची खुंटी पिळली. "ढुम्म!"

पण बारकी सैल झाली. "टँव!"

घोडी आपली डुगडुग, डुगडुग.

"अस्सं होय!" आत्या म्हणाली. "एकीचे लाड केले की दुसरी रुसते. मग थोडं थोडं सगळ्यांना."

थोडं जाडीला. थोडं बारकीला. थोडं मधल्या चौघींना. परत थोडं जाडीला. परत थोडं बारकीला. घोडी हळूहळू थांबली. आत्याने मागचा गंजसुद्धा पुसला. "वा हो स्क्रूकाका! वा गं स्प्रिंगमावशी! वा गं माझी घोडी!"

मग बारकी म्हणाली, "टिंग!"

आणि किर्रू म्हणाला, "किर्र!"

टिंग किर्र, टिंग किर्र.

तेवढ्यात जाडी हळूच म्हणाली, "ढुम्म?"

किर्रू थांबला. पोट दुखतंय का बघितलं. छे, मुळीच नाही!

"किर्र!" किर्रू जाडीला म्हणाला.

ढुम्म किर्र, टिंग किर्र. ढुम्म किर्र, टिंग किर्र.

मनीने मान वर केली. तिचं तोंड पुन्हा फुगायला लागलं. आत्याने ते बघितलं. तिने गिटार जराशी सरकवली.

अर्धी मांडी गिटारची.
अर्धी मांडी मनीची.

टिंग सापडली, किर्र झालं, गोष्टीचं गाठोडं बांधून झालं.

आणि ही मांडी कुणाची?

अर्धी पुस्तकाची. पुस्तक ठेवलं बाजूला... आता सगळीच्या सगळी तुझी!