मोजणीदाराचं स्वतःचं शेत

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा घोडे बोलत असत, आणि नवल म्हणजे माणसं ऐकूनही घेत.

एका समुद्राच्या काठी तेरा खोरी होती. त्यांचा राजा राहायचा पार पलीकडच्या काठावर. इतका लांब, की कुणी छत्री मागितली तर उत्तर पुढच्या उन्हाळ्यात यायचं. आणि उत्तर काय, तर छत्रीवर कर! शेवटी लोक वैतागले. राजाच्या शिपायांना त्यांनी गलबतांत बसवून परत धाडलं.

आता कारभार कोण बघणार? सगळ्यांनी एका बुटक्या, जाड भुवयांच्या मोजणीदाराला पुढे केलं. तेराही खोऱ्यांतली शेतं त्याने मोजलेली. भावाभावांची डोकी फुटायची वेळ आली तरी त्याची मोजणीची साखळी जमिनीवर पडली, की दोघंही गप्प.

आठ वर्षं त्याने कारभार चोख केला. मग तेरा खोऱ्यांच्या सभेच्या एकदम लक्षात आलं, की कारभाऱ्याने किती वर्षं राहायचं हे लिहायचंच राहिलंय!

"तुम्हीच सांगा," सभा म्हणाली. "तुमच्यासारखा सचोटीचा माणूस कोण? तुम्ही म्हणाल तो आकडा."

"मोठा सांगा हो, लाजू नका!" मागच्या बाकावरून एक जण ओरडला. तो मोजणीदाराचा शेजारी, पाणचक्कीवाला. त्याला कुणाचंच कौतुक सोसायचं नाही.

मोजणीदाराने आठ दिवस मागून घेतले आणि म्हाताऱ्या घोडीवर बसून तो घरी निघाला.

"पाच वर्षं पुरेत," तो पुटपुटला. ओढा ओलांडल्यावर म्हणाला, "पण पूल अर्धा राहिलाय. दहा." टेकडीवर म्हणाला, "नवी माणसं कच्ची आहेत. वीस."

"मालक," घोडी म्हणाली, "घर अजून दोन कोस आहे. तोवर आकडा तुमच्या वयापुढे जाईल."

"गप गं!"

घरी बायको दारातच उभी होती. "अहो, वादळात कुंपण आडवं झालंय. खांबसुद्धा राहिले नाहीत. पलीकडच्या खोऱ्यातल्या मोजणीदाराला बोलवा."

कारण मोजणीदारांत एक रीत होती: आपलं शेत आपण मोजायचं नाही. याला वाटायचं, ही रीत लबाडांसाठी असणार. आपल्याला कशाला? शिवाय कुतूहल होतंच. त्याने साखळी काढली.

कागदावर शेताची हद्द मागच्या ओढ्यापासून चाळीस साखळ्या. त्याने मोजल्या आणि खुंटी ठोकली. बघतो तर खुंटी शेजाऱ्याच्या भोपळ्यांत! पुन्हा मोजलं. शेजाऱ्याची विहीर. हा चक्रावला. जमीन आखडते की काय? त्याने माती हुंगली, साखळीच्या कड्या मोजल्या, आणि तिसऱ्यांदा मोजलं. खुंटी थेट शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी.

"या, कारभारी," पाणचक्कीवाला दारातून म्हणाला. "चौथ्यांदा मोजा, म्हणजे जेवायलाच बसाल."

"साखळीत खोट आहे," मोजणीदार घाम पुसत म्हणाला.

"साखळी खरी आहे, मालक," घोडी म्हणाली. "दर साखळीला तुमचा पाय थोडा पुढे सरकत होता."

"मी नाही सरकवला!"

"तुम्ही नाही हो. पाय आपणहून जातो."

तो बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिला. जन्मभर परक्या शेतांत नीट चाललेले हे पाय!

मग पलीकडचा मोजणीदार आला आणि कुंपण जुन्या जागी उभं राहिलं.

आठव्या दिवशी कारभारी सभेत म्हणाला, "ही गादी म्हणजे माझं शेत. हिचं माप माझ्याकडून घेऊ नका. तेरा खोऱ्यांतल्या तेरा माणसांना ठरवू द्या. मी बाहेर घोडी धरून उभा राहतो."

पार दुपारपर्यंत तो उन्हात उभा होता. मग दार उघडलं.

"आठ वर्षं," एक म्हातारी म्हणाली. "म्हणजे, बाबा, तुमची आजच झाली."

तो घोडीवर बसला. वाटेत अर्धा पूल दिसला. त्याने मान वळवली.

"दुखतंय, मालक?"

"दुखतंय."

"मग माप बरोबर असणार."

तो पूल पुढच्या कारभाऱ्याने पुरा केला. जरासा वाकडा झाला, पण बैलगाड्या गेल्या. तेव्हापासून त्या खोऱ्यांत आकडा ठरताना कारभारी बाहेर घोडी धरून उभा राहतो; स्वतःची नसली तर शेजाऱ्याची आणतो.

बोध एवढाच: माणूस कितीही सचोटीचा असो, स्वतःच्या सत्तेचं माप त्याने दुसऱ्याच्या हाती द्यावं.