हिवरतळ्याचा कोरडा वाफा

माणदेशाच्या कडेला हिवरतळे नावाचे लहान गाव आहे. तेथे प्रत्येक घराच्या दाराशी, उंबऱ्याच्या उजव्या हाताला, दगडांनी बांधलेला एक हातभर रुंदीचा वाफा असतो. वैशाखात गेलेल्या पाहुण्याला त्यात मुरमाड माती आणि चार वाळक्या पात्यांखेरीज काही दिसत नाही. तो पावसाळी लिलीचा वाफा आहे. कंद आत जिवंत असतात. गावात या फुलांना साक्षीची फुले म्हणतात.

पुष्कळ पाहुण्यांना दया येते आणि ते बाटलीतले उरलेले पाणी वाफ्यात ओतू लागतात. तळ्याच्या वाटेवरच्या पहिल्या घरी कृष्णाक्का राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्या ओसरीवरूनच हात वर करतात.

"थांबा. ते पाणी प्या, न्हाईतर माघारी न्या. तिथं वतू नका."

मग त्या पाहुण्याला बसवतात आणि पुढील हकीकत सांगतात. ती त्यांनी सासूकडून ऐकली, सासूने तिच्या सासूकडून.

चार-पाच पिढ्यांमागे, असे सांगतात, गावाला ओळीने दोन वर्षे पाऊस झाला नाही. विहिरी आटल्या. उरले ते एक तळे. त्याची राखण गावाने नरसोजी नावाच्या गृहस्थाकडे दिली. गाव त्यांना नाना म्हणे. नाना सचोटीचे, देवभक्त आणि कठोर होते. रोज माणशी एक कळशी, असा त्यांनी नेम घातला. सकाळी ते काठी घेऊन पायरीवर बसत आणि स्वतःच्या घरच्या कळशाही इतरांच्या ओळीत लावत.

लिली तेव्हा केवळ शोभेची होती. कोणा नवऱ्या मुलीने माहेराहून कंद आणले, ते वाढले आणि शेजारधर्माने घरोघर गेले. तिला फारसे काही करावे लागत नाही. मान मातीलगत ठेवून कंद लावावा, ऊन मिळू द्यावे, वाफ्यात दाटी झाल्याशिवाय उकरू नये. उन्हाळ्यात ती पाने टाकून निजते. कोरड्या मातीत पाणी खोल मुरले की चौथ्या-पाचव्या दिवशी दांडा वर येतो आणि त्यावर एकच गुलाबी फूल उमलते. ते पाणी आभाळातून आले की कळशीतून, हे ती पाहत नाही.

त्या चैत्रात एका सकाळी ठकूबाईच्या दारी लिली फुलली. ठकूबाई विधवा होती. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. नाना तिच्या दारी गेले, फुले पाहिली आणि म्हणाले, "ठके, पाणी कुठलं?"

ठकूबाईने लपवले नाही. सासूला पंधरा दिवस अंघोळ नव्हती, अंगाला चट्टे पडले होते. नाना दुपारी जेवायला घरी गेले असता तिने दोन कळशा आणल्या आणि म्हातारीला न्हाऊ घातले. ते पाणी मोरीतून वाफ्यात गेले.

"म्हातारीच्या अंगाला वास मारत हुता, नाना. माणूसच हाय ती."

नाना म्हणाले, "पाणी कुठं गेलं ते मी इचारत न्हाई. न इचारता घेतलं का, एवढंच इचारतो."

"घेतलं."

नानांनी आठ दिवस तिचे पाणी तोडले. नदीच्या कोरड्या पात्रात झरे खणून पाणी मिळे, पण ते दोन कोसांवर होते. ठकूबाई आठ दिवस चालली. नवव्या दिवशी ओळीत येऊन उभी राहिली.

त्यानंतर काही शहाण्यांनी आपापल्या दारातले कंद उपटायला घेतले. नानांनी दवंडी दिली: ज्याच्या दारी वाफा नाही त्याला तळ्याचे पाणी नाही, पावसाआधी ज्याच्या दारी फूल दिसेल त्याचे पाणी आठ दिवस बंद. कंद पुन्हा मातीत गेले. चोरी थांबली.

वैशाख लागला. तळे शेवटच्या पायरीखाली गेले. नानांचे मन व्याकूळ झाले. घरी देव्हाऱ्यात महादेवाची पिंडी होती. नानांनी संकल्प केला की पावसासाठी पिंडीवर अकरा कळशांचा अभिषेक करावा. संकल्प बोलून दाखवू नये म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नाही. सोमवारी गाव जागे होण्यापूर्वी त्यांनी तळ्यातून अकरा कळशा आणल्या आणि नामस्मरण करीत एकेक ओतली. हे पाणी देवाचे आणि मागणे गावासाठी, म्हणून यात विचारण्यासारखे काही आहे असे त्यांच्या मनात आले नाही. देव्हाऱ्याची पन्हळ भिंतीतून बाहेर निघून दाराशेजारच्या वाफ्यात उतरत होती. तेही त्यांच्या ध्यानात आले नाही. ज्याने नेम घातला तोच तो स्वतःपुरता विसरला.

शुक्रवारी सकाळी नानांची सून सगुणा अंगण झाडायला दार उघडून बाहेर आली. तिला आठवा महिना होता, आणि नवरा पोटासाठी परगावी गेला होता. वाफा फुलांनी भरलेला पाहून ती खाली बसून भराभर फुले खुडू लागली. तेवढ्यात नाना बाहेर आले.

"मामंजी, आत जावा. आत्ता खुडली तर कुणाला दिसायची न्हाईत."

"तुला दिसली. मला दिसली. आता एक बी तोडू नगंस."

"आठ दिस पाणी बंद झालं तर मी ह्या अशा पोटानं दोन कोस कशी जाऊ?"

नानांनी भिंतीलगतची कावड खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "तू जायचं न्हाई. मी जाईन." त्यांचे वय पासष्ट होते.

तळ्यावर ओळ लागली होती. येणारा प्रत्येक जण नानांच्या दारावरून आला होता. शेवटी ठकूबाईच बोलली.

"नाना, तुमच्या दारात पाऊस झाला म्हणायचा. आमच्याकडं ढग बी फिरकला न्हाई."

दोघे-तिघे हसले. नानांनी अभिषेकाची हकीकत सांगितली. गावचे पाटील पुढे आले. "नाना, देवाचं पाणी ते. गावासाठीच वतलं तुम्ही. ह्यात चोरी कसली? आन घरात सून अवघडलेली. सोडून द्या."

पुष्कळांनी माना डोलावल्या. नाना ठकूबाईकडे वळले. "ठके, तुझ्या दारात मी काय म्हनलो हुतो?"

ठकूबाई म्हणाली, "पाणी कुठं गेलं ते मी इचारत न्हाई. न इचारता घेतलं का, एवढंच इचारतो."

"मग इचार."

"घेतलं का, नाना?"

"घेतलं."

नाना म्हणाले, इतरांना आठ दिवस, तर राखणदाराला सोळा. मग त्यांनी काठी ठकूबाईच्या हातात दिली. "जिला शिक्षा काय असती ते ठावं हाय, तिनं राखावं," असे ते म्हणाले, म्हणे. एवढे बोलून ते कावड घेऊन नदीच्या वाटेला लागले.

दुसऱ्या दिवशी नाना पात्रातून परतले, तो दारात भरलेली एक कळशी होती आणि शेजारी ठकूबाई. नाना संतापले. "शिक्षेत सूट चालायची न्हाई. उचल ती."

ठकूबाई हलली नाही. "तुमाला सूट न्हाई. सगुणाला न्हाई. पर माणशी एक कळशी ह्यो नेम तुमचाच हाय. पोटातलं ते माणूसच हाय का न्हाई?"

"हाय."

"त्यानं पाणी चोरलं?"

 अनेकांचा न्याय केलेला तो पुरुष डोक्यावरचा पटका काढून उंबऱ्यावर बसला. ठकूबाईने कळशी आत नेऊन ठेवली. सोळा दिवस ती रोज एक कळशी आणत राहिली. तिने कमी आणली नाही, अधिकही आणली नाही.

सोळा दिवस भरले. नाना ओळीत येऊन उभे राहिले. काठी त्यांनी परत मागितली नाही. पाऊस पुढे यायचा तेव्हा आला. तो अभिषेकाने आला असे गावात कोणी म्हणत नाही. सगुणाला मुलगी झाली. कृष्णाक्का आज राहतात ते घर नानांचेच. देव्हाऱ्याची पन्हळही आहे.

आता गावात नळ आले आहेत आणि तळे मुख्यतः गुरांसाठी उरले आहे. तरी आजही हिवरतळ्यात होळीपासून पाऊस पडेपर्यंत महादेवाला पाण्याचा अभिषेक होत नाही. बेलाचे पान वाहून हात जोडतात. पाऊस झाल्यावर साक्षीचे पहिले फूल पिंडीवर जाते. टंचाईत टँकर आला की गरोदर बाईची माणसे दोन धरतात, आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. आजही गावात नवे घर उभे राहिले की शेजारी श्रावणात आपल्या दाटलेल्या वाफ्यातून तीन कंद काढून देतात. पाहुण्याने मागितले तर त्यालाही देतात. देताना कृष्णाक्का सांगतात:

"मान मातीत पुरू नका. उन्हाळ्यात पाणी घालू नका. घातलंत, तर आमाला सांगायला येऊ नका. तुमच्या दारात दिसंलच."